उंबरठ्यावरचे सहा तास

१९५४ साली ‘बेडर कण्णप्प’ नावाचा कन्नड चित्रपट आला. बेळगाव-चिकोडीकडच्या आपल्या घरांतून मराठी बोलली जाते, पण कण्णप्पाची गोष्ट सांगायला इथे कुणाला भाषांतर लागत नाही. शिकारी कण्णप्पाला दिसतं की शिवलिंगाच्या डोळ्यातून रक्त वाहतंय. तो बाणाने स्वतःचा डोळा काढून तिथे लावतो. रक्त थांबतं, तोवर दुसऱ्या डोळ्यातून वाहू लागतं. आता दुसराही डोळा काढला तर लावायचा कुठे हे दिसणार नाही, म्हणून तो जागेची खूण म्हणून तिथे पायाचा अंगठा टेकवतो आणि बाण उचलतो. या चित्रपटात कण्णप्पाची भूमिका करणारा तरुण नट पुढे डॉ. राजकुमार म्हणून साऱ्या कर्नाटकाचा लाडका झाला.

१२ एप्रिल २००६ रोजी राजकुमार गेले. बेंगळुरूच्या रस्त्यांवर माणसांचा लोंढा लोटला होता, पण त्या गडबडीतही घरच्यांनी त्यांचे डोळे दान केले. पडद्यावर डोळे देणाऱ्या माणसाने शेवटी खरोखरीच डोळे दिले. २०१७ साली त्यांच्या पत्नी पार्वतम्मा गेल्या, त्यांचेही नेत्रदान झालं. २९ ऑक्टोबर २०२१ ला त्यांचा धाकटा मुलगा पुनीत वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी अचानक गेला. त्याच्या दोन डोळ्यांमुळे चौघांना दिसू लागलं, कारण आताच्या शस्त्रक्रियेत बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचे थर वेगळे करून दोघांना वापरता येतात. त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाचे फॉर्म भरायला माणसं आपणहून येऊ लागली.

डॉक्टर मंडळी तर हेच कितीतरी वर्षं सांगत होती. दवाखान्यांतून तक्ते लागले होते, शाळांतून निबंधस्पर्धा होत होत्या. मग लोक एका घराचं ऐकून का हलले? या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर नेत्रदानाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहायला हवा. मला तो वाचताना एक गोष्ट सारखी दिसत राहिली. कुठल्याही देशात, कुठल्याही धर्मात, शस्त्रक्रिया जमली म्हणून दान सुरू झालं नाही. आपल्यातल्या कुणीतरी, आपल्या ओळखीच्या गोष्टीचा धागा धरून, आपल्या घरात ते आधी केलं, तेव्हा ते सुरू झालं.

शस्त्रक्रियेचं साल १९०५. त्या वेळच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या मोराव्हियामध्ये एदुआर्द झिर्म नावाचे नेत्रवैद्य होते. चुन्याचं काम करताना दोन्ही डोळे भाजलेला एक मजूर त्यांच्याकडे आला होता. त्याच सुमारास अकरा वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यात धातूचा कण घुसून तो डोळा निकामी झाला होता, तो काढावाच लागला. पण त्याचा पुढचा पारदर्शक पडदा शाबूत होता. ७ डिसेंबर १९०५ ला झिर्म यांनी तो मजुराला बसवला आणि एका डोळ्याने त्याला दिसू लागलं. या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून रक्तगट जुळवण्याची अट इथे आड येत नाही. कुणाचाही पडदा कुणालाही चालतो. निसर्गानेच इथे जातपात ठेवलेली नाही.

पण जिवंत माणसाचा काढावा लागलेला डोळा कितीदा मिळणार? ओडेसाचे डॉक्टर फिलातोव्ह यांनी १९३१ च्या सुमाराला दाखवून दिलं की मृत माणसाचा डोळा थंड जागी नीट राखला तर तोही उपयोगी पडतो. इथून खरा प्रश्न उभा राहिला. आता वैद्याला परवानगी मागावी लागणार होती ती शोक करणाऱ्या घराची. आपल्या देशात पहिली नेत्रपेढी १९४५ साली मद्रासला डॉ. मुथय्या यांनी सुरू केली. पेढी झाली, पण ठेव ठेवणारे फार थोडे होते.

शेजारच्या श्रीलंकेत काय घडलं ते मुद्दाम सांगण्यासारखं आहे. हडसन सिल्व्हा नावाच्या तरुणाने १९५८ साली, वैद्यकीचं शिक्षण घेत असतानाच, वर्तमानपत्रात लिहून लोकांना नेत्रदानाचं आवाहन केलं. त्याने आकडेवारीवर भर दिला नाही. बौद्ध घरातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असलेली शिबी राजाची जातककथा त्याच्या लोकांजवळ होतीच. त्या कथेत राजा एका आंधळ्या याचकाला आपले दोन्ही डोळे देतो. पण नुसत्या कथेनेही काम झालं नसतं. १९६० साली सिल्व्हांच्या आई वारल्या आणि मुलाने आईचेच डोळे दान म्हणून दिले. त्यांतून दुसऱ्याला दृष्टी आली. पुढच्याच वर्षी त्यांची नेत्रदान संस्था उभी राहिली आणि १९६४ मध्ये श्रीलंकेतून पहिले डोळे परदेशी, सिंगापूरला गेले. त्यानंतर त्या छोट्या देशाने कितीतरी देशांना डोळे पाठवले. पाकिस्तानलाही हजारो पाठवले. बौद्ध घरातून निघालेले डोळे मुसलमान घरात गेले आणि दोन्हीकडे कुणाचा धर्म बुडाला नाही.

इतर धर्मांतही असेच दरवाजे उघडत गेले. १९५६ साली पोप पायस बारावे यांनी मृत्यूनंतर डोळ्याचा पडदा देण्यात काही गैर नाही, असं स्पष्ट सांगितलं. गोव्यातल्या आपल्या ख्रिस्ती शेजारणींना त्यामुळे पुष्कळ शंका उरल्या नाहीत. २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी अवयवदानाला उघड पाठिंबा दिला. मुसलमान धर्मशास्त्रज्ञांच्या जेद्दा इथल्या परिषदेने १९८८ साली काही अटींवर अवयव देण्याघेण्याला मान्यता दिली. आपल्या देशातल्या सगळ्या उलेमांचं त्यावर अजून एकमत नाही, हेही खरं. हिंदू घरांत दधीचीने हाडं दिल्याची गोष्ट आहे. कबुतरासाठी मांडीचं मांस कापून देणारा शिबीही आहे. आणि आपल्याकडच्या श्वेतांबर परंपरेत हेमचंद्राचार्यांच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’त तीच गोष्ट राजा मेघरथाची म्हणून येते. हा मेघरथ म्हणजे पुढच्या भवातले शांतिनाथ भगवान. एक गोष्ट तीन धर्मांनी आपापल्या घरात वाढवली आहे. त्यामुळे ‘आमच्यात हे चालत नाही’ असं कुणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, नक्की कुणाच्यात?

आता आपल्या घरात येऊ. जैन समाजात दृष्टीला जे स्थान आहे ते मला दुसरीकडे दिसलेलं नाही. मुनी चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात, त्याला ईर्यासमिती म्हणतात. म्हणजे डोळा ही नुसती सोय नाही, अहिंसेचं साधन आहे. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज यांची दृष्टी उतारवयात अधू झाली. जीवजंतू दिसत नाहीत, म्हणजे व्रत निर्दोष पाळता येत नाही, म्हणून त्यांनी १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेतली. छत्तिसाव्या दिवशी, १८ सप्टेंबरला, त्यांनी देह ठेवला. मुनींचा मार्ग निराळा, तो आपण संसारी बायकांनी आपल्याला लावून घेण्याचा नाही. पण आचार्यांना ज्या दृष्टीसाठी एवढा विचार करावा लागला, ती आपण चितेबरोबर जाळून टाकतो, आणि त्याचा विचारही करत नाही.

मग अडतं कुठे? महिला मंडळात हा विषय निघाला की पहिली शंका येते ती ही: ‘डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा जन्म येईल.’ ही भीती हिंदू घरांत आहे तशीच आपल्याकडेही शिरली आहे. पण आपलं शास्त्र तर याचं उत्तर पाठशाळेतच देतं. जीव जातो तेव्हा औदारिक शरीर इथेच राहतं. बरोबर जातात ती तैजस आणि कार्मण शरीरं. पुढचा देह ठरतो तो कर्मानुसार. इथे मागे उरलेल्या औदारिक देहाचा कुठला भाग जळला आणि कुठला कुणाच्या कामी आला, याची नोंद पुढच्या जन्माच्या वहीत कशी होईल? झालीच तर दिलेल्याची होईल.

दुसरी शंका जास्त खरी आहे आणि तिला मान दिला पाहिजे. मृत देहात अंतर्मुहूर्तानंतर संमूर्च्छन जीवांची उत्पत्ती होते, म्हणून देह फार वेळ ठेवू नये, असं जुनी माणसं सांगतात. नेत्रदानामुळे उशीर होईल आणि हिंसा वाढेल, ही त्यांची काळजी. पण डोळे घ्यायला आलेल्या माणसांचं काम पंधरा-वीस मिनिटांत आटपतं, तेही घरीच. एकीकडे आंघोळीची, तिरडीची तयारी चालू असतानाही ते होतं. चेहराही विद्रूप होत नाही. खरा उशीर आपण करतो तो पुण्याचा मुलगा आणि बेंगळुरूची लेक पोहोचेपर्यंत. तेव्हा शास्त्राची आठवण कुणाला होत नाही. तेवढ्या थांबण्यातली पंधरा मिनिटं दुसऱ्याच्या दृष्टीला दिली तर जीवहिंसा वाढणार नाही, हे उपाध्येंनाही पटण्यासारखं आहे.

डोळ्यांपेक्षा मूत्रपिंड, यकृत, हृदय यांची गोष्ट अवघड, आणि तिचा इतिहासही वेगळा आहे. १९५४ साली बोस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. देणारा जिवंत होता. ३ डिसेंबर १९६७ ला दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी अपघातात गेलेल्या एका गोऱ्या तरुणीचं हृदय दुसऱ्याला बसवलं. तिच्या वडिलांनी संमती दिली होती. त्याच मुलीचं एक मूत्रपिंड एका काळ्यासावळ्या मुलाला मिळालं, तेही अशा देशात जिथे गोऱ्याकाळ्यांची बाकं आणि बसगाड्याही वेगळ्या होत्या. दोनच महिन्यांनी, १६ फेब्रुवारी १९६८ ला, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी हृदय बदलण्याचा प्रयत्न केला. रोगी काही तासच जगला, पण आपल्या देशात हे धाडस त्यांनी पहिल्यांदा केलं.

याच सुमाराला एक नवा प्रश्न आला. मेंदू कायमचा मेला, पण यंत्राच्या जोरावर हृदय चालू आहे, तर माणूस गेला म्हणायचं की नाही? हा प्रश्न एकट्या जैनांचा नाही. जपानमध्ये १९६८ साली झालेल्या हृदय प्रत्यारोपणावरून एवढा अविश्वास माजला की मेंदूमृत्यूबद्दल कायदा करायला १९९७ साल उजाडलं. अहिंसा मानणाऱ्या घरात ‘छाती हलतेय, आणि तुम्ही काढून घेता?’ हा प्रश्न येणारच, आणि तो विचारणाऱ्या बाईला अडाणी म्हणण्याचं कारण नाही. तिला उत्तर द्यायला हवं. मेंदूचा देठ गेला की श्वास स्वतःहून कधीच परत येत नाही, हृदय चालतं ते केवळ यंत्र हवा भरतं म्हणून. आपल्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांनी, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून तशी खात्री करायची असते. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या चौघांत नसतात.

हा कायदा १९९४ चा. त्याआधी मोठ्या शहरांतून गरिबांची मूत्रपिंडं विकत घेतली जात, त्याला आळा घालण्यासाठी तो आला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यामुळे काही राज्यांनी तसा ठराव करून संसदेला विनंती करावी लागते. ती करणारी तीन राज्यं म्हणजे गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो तिथे लागू झाला, नंतर इतर राज्यांनी घेतला. म्हणजे मराठी बोलणारे दोन प्रदेश यात अगदी आरंभापासून आहेत. इंदूरच्या मराठी मंडळींनाही २०१५ नंतर रस्ते मोकळे करून अवयव नेणारी रुग्णवाहिका ओळखीची झाली आहे.

आता एक आकडा सांगते, तो प्रत्येकीने लक्षात ठेवावा. १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९,००० हून जास्त पुरुषांना मिळाली. स्त्रियांना मिळालेली ६,९४५. आणि जिवंतपणी मूत्रपिंड किंवा यकृताचा तुकडा देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त. नवऱ्याला बायको देते, मुलाला आई देते, भावाला बहीण देते. यात प्रेम आहे, ते मी नाकारत नाही. पण ‘तो कमावता आहे, त्याला सुट्टी कशी मिळेल’ हे वाक्यही त्यात आहे. सासरी आलेल्या सुनेला नाही म्हणायची सोय किती असते, हे आपण सगळ्या जाणतो.

मृत्यूनंतरचं दान आपल्या देशात फार थोडं होतं, म्हणूनच जिवंत बाईकडे पाहिलं जातं. चितेवर सगळं काही जाळायचं आणि मग घरातल्या बाईचं शस्त्रक्रियेच्या टेबलावर मागायचं, हा हिशोब कुठल्याही धर्माला शोभणारा नाही. मृत देहांतून मूत्रपिंडं मिळू लागली तर कितीतरी आयांची, बायकांची पोटं चिरावी लागणार नाहीत. अवयवदान हा पुण्याचा विषय आहेच, पण त्याआधी मला तो आपल्या न्यायाचा विषय वाटतो.

कुणी म्हणेल, सरकारने कायदाच कडक करावा. इंग्लंडमध्ये तसा केला आहे. तिथे २० मे २०२० पासून, प्रौढ माणसाने नको असं नोंदवलं नसेल तर त्याची संमती आहे असंच धरतात. तरीही प्रत्यक्ष वेळी घरच्यांना विचारतातच. तिथल्या आशियाई रोग्यांना जुळणारं मूत्रपिंड मिळायला जास्त थांबावं लागतं, कारण त्यांच्या समाजातून देणारे कमी. म्हणून तिथल्या जैन आणि हिंदू मंडळींनी एकत्र येऊन देरासरांतून, मंदिरांतून हा विषय बोलायला सुरुवात केली. सातासमुद्रापार, सगळ्या सोयी असलेल्या देशातही काम शेवटी येऊन पोहोचलं ते घरातल्या बोलण्यापाशीच.

लांब कशाला, आपल्या जिल्ह्यातलं पाहा. बैलहोंगलच्या डॉ. रामण्णवर यांनी मृत्यूनंतर आपला देह शिक्षणासाठी द्यावा, असं सांगून ठेवलं होतं. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये बेळगावच्या आयुर्वेद महाविद्यालयात त्यांच्याच मुलाने, डॉ. महांतेश यांनी, विद्यार्थ्यांसमोर वडिलांच्या देहाचं शवविच्छेदन केलं. वडिलांनी जिवंतपणी स्पष्ट सांगितलं होतं, म्हणून मुलाचा हात उचलला गेला. फॉर्मवरच्या सहीने एवढं बळ दिलं नसतं.

आपल्या घरांत हे सांगणं कसं असावं? अवघड काही नाही. माणूस घरी गेला तर फक्त डोळे देता येतात, काही ठिकाणी त्वचाही देता येते. त्यासाठी सहा तासांच्या आत नेत्रपेढीला फोन करायचा. पापण्या मिटवायच्या, वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी घ्यायची आणि पंखा बंद करायचा. चष्मा असलेल्यांना, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना, मधुमेह असलेल्यांनाही डोळे देता येतात. आधी फॉर्म भरलेला नसला तरी घरच्यांनी हो म्हटलं की पुरतं. उलट फॉर्म कपाटात साड्यांखाली ठेवलेला असला आणि घरात कुणाला माहीत नसलं, तर तो असून नसल्यासारखाच. इतर अवयव मात्र अतिदक्षता विभागातच, मेंदूमृत्यू झाल्यावर देता येतात, आणि तिथेही आधी विचारतात ते घरच्यांनाच.

त्या सहा तासांत घरात कोण शुद्धीवर असतं? पुरुष फोनाफोनीत, गाड्यांच्या सोयीत असतात. गेलेल्या माणसाजवळ बसलेल्या असतात त्या बायका. डोकं मांडीवर घेतलेलं असतं ते बहिणीने, नाहीतर सुनेने. फोन कर, असं सांगायची जागा तिची आहे. मोठे दीर किंवा मामंजी नको म्हणालेच, तर ‘अण्णांनी स्वतः सांगितलं होतं’ या एका वाक्यापुढे सहसा कुणी बोलत नाही. पण ते वाक्य खरं व्हायला अण्णांनी ते आधी सांगितलेलं असायला हवं.

दशलक्षण पर्वाच्या आठव्या दिवशी आपण उत्तम त्याग ऐकतो. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दानं आपल्याला तोंडपाठ असतात. नवव्या दिवशी येतं उत्तम आकिंचन्य: काहीच माझं नाही, हा देहसुद्धा नाही. यंदा त्या दोन दिवसांच्या मध्ये एक काम करूया. बस्तीतून घरी आल्यावर, संध्याकाळी अंथऊ उरकलं आणि सगळे बसले असले, की नवऱ्याला, मुलाला, सुनेला सरळ सांगायचं: माझे डोळे द्या, आणि दवाखान्यात वेळ आली तर बाकीचंही द्या. मग त्यांना विचारायचं, तुमचं काय? कुणी म्हणेल, सणासुदीला हे कसलं बोलणं. म्हणू दे. आपल्या पर्वात मरणाचा विषय काढायला बंदी कधीच नव्हती.